आत सतरा

काका आम्हाला मोजायचे. संध्याकाळी शेळ्या मोजाव्यात तसे. क्लासला निघालं की फाटकाशी थांबायचं आणि मोठ्यानं "काका, चालले" म्हणायचं. मग अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधून ते उठायचे, खांबाला टांगलेल्या दगडी पाटीवरचा आकडा ओल्या फडक्यानं पुसायचे आणि एकानं कमी करून लिहायचे. परत आलं की एकानं वाढवायचे. आकड्याआधी एकच शब्द कायम लिहिलेला असायचा, आत. आत १७. आत ९. आत ३. कोपऱ्यावर दूध आणायला गेलं तरी सुटका नाही.

"जेलात तरी दिवसातून दोनदाच मोजतात," असं देगलूरची माझी खोलीसोबतीण म्हणायची. ते काकांच्या कानावर गेलं. "जेलात छत पडायची फिकीर नस्ते," एवढंच बोलले आणि पाटी पुसायला लागले.

आम्ही म्हणजे सोळा पोरी. कुणी चाकूरची, कुणी निलंग्याची, दोघी देगलूरच्या, मी उदगीरची. पोरगी लातूरला ठेवली की डॉक्टर होते, अशी आमच्याकडं आईबापांची पक्की समजूत. काकांच्या दोन मजली घरात आम्ही राहायचो. सतराव्या काकू. काका स्वतःला मोजत नसत, कारण ते घरात राहतच नसत. एवढं मोठं घर बांधून हा माणूस अंगणात पत्र्याखाली राहायचा.

हे सगळं आज सांगून राहिले, त्याला कारण आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा मारलेली माणसं माझ्याकडं येतात, हात-पाय परत चालू करायला. त्यांचे नातेवाईक कधीमधी विचारतात, "मॅडम, ह्याच लायनीत कशा काय आल्या?" मी हसून सांगते, मार्क कमी पडले. ते खरंच आहे. पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं काकांच्या उजव्या हाताशी अडकलेलं आहे. मी एकदा खोटं बोलले होते, आणि ते मला त्यांच्यापाशी कबूल करायचं होतं. एवढ्याशा कामाला मला अकरा वर्षं लागली. भित्री म्हणा, दुसरं काय.

काका एसटीत कंडक्टर होते. निलंग्याच्या गाडीवर जन्म गेलेला. रिटायर झाले तरी तिकिटाला भोक पाडायचा चिमटा खिशात असायचाच. बोलायचा कंटाळा आला की तो खांबावर वाजवायचे. एकदा वाजला की थांबा, दोनदा वाजला की चला. नळाला पोरींची भांडणं लागली की शेडमधून एक 'टिक' यायची आणि खरं सांगते, आम्ही गप्प व्हायचो. जिन्यात गर्दी झाली की ओरडायचे, "मागं लई जागा हाय, पुढं सरका!" जिन्यात मागं जागा कुठून असणार? पण सवय.

घर बांधताना त्यांनी मिस्त्रीला वेड लावलं होतं म्हणे. "येवढं लोखंड मांजरेच्या पुलात न्हाई," हे आम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की आम्ही त्यांच्याआधीच म्हणायचो. तरी आत झोपायची तयारी नव्हती. काकूंनी मात्र पहिल्या उन्हाळ्यातच पत्र्याला रामराम ठोकला. "भूकंपानं मरायचं तवा मरीन. उनानं आज कशाला मरू?" म्हणाल्या आणि पंख्याखाली गेल्या.

शेडच्या दुसऱ्या टोकाला, पाटीच्या बरोब्बर समोर, काकांचं यंत्र होतं. जमिनीत वाळू भरून त्यावर एक फरशी, गवंड्याकडून पातळी लावून बसवलेली. तिच्यावर स्टीलचं ताट आणि ताटाच्या मधोमध काचेची एक निळी गोटी. गोटी हलली की भूकंप. बाहेरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला की गोटी बोटभर सरकायची, मग काका वाकून, श्वास रोखून ती परत मधोमध ठेवायचे. भेटेल त्याला पहिला प्रश्न, "हाललं का?" नमस्कार, चमत्कार काही नाही. पोरींनी नाव ठेवलं होतं गोटीकाका. मीही हसायचे. का नाही हसणार? सतरा वर्षांची होते. भूकंप झाला तेव्हा रांगत असेन.

पाटीचं कारण मला काकूंनी सांगितलं. एकदा मला ताप होता, क्लास बुडला होता, आणि मी स्वयंपाकघरात त्यांच्याबरोबर मेथी निवडत बसले होते. "ह्यांचं गाव गेलं की भूकंपात," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं लातूरला होतो, म्हणून वाचलो. गावात थोरला भाऊ, जाऊबाई, दोन लेकरं. मिलिटरीवाले आले, त्यांनी इचारलं, आत किती? शेजारी म्हणाले, चार. चार काढले आणि पुढच्या घराकडं गेले. सासूबाई लेकीकडं गेलत्या, औशाला. पण आदल्या दिवशी सांजंलाच परत आलत्या. कुणाला ठावंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी औशाहून निरोप आला, आई पोचल्या का म्हणून. मग परत खणलं." काकूंनी मेथीची काडी मोडली. "देवघराच्या कोनाड्यात बसून होत्या. अंगाला लई लागलेलं नव्हतं, म्हणत्यात. किती येळ जित्त्या होत्या ते मी ह्यांना कधी इचारलं न्हाई."

त्या दिवसापासून मी "काका, चालले" जरा नीट म्हणायला लागले. चिडचिड संपली असं नाही हं. पण नीट म्हणायला लागले.

एक गोष्ट मात्र काका अजिबात मोजत नसत. रक्तदाब. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणलेल्या असायच्या, पण त्या लागतील तशा घ्यायच्या असतात अशी त्यांची समजूत. "बीपी आज हाय का न्हाई, मला मानंत कळतं की." मानेत काही कळलं नाही की आठवडाभर गोळी नाही. भाकरीवर ठेचा, ठेच्यावर परत मीठ. काकू ओरडायच्या. आज माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांच्या घरी हीच कथा निघते, मानेत कळतं म्हणणारी. मानेत कधीच काही कळत नाही हो. बिनबोलाचा आजार आहे तो.

तर तो दिवस. रविवार होता. पाच वाजता फिजिक्सची टेस्ट होती आणि माझा एक अख्खा धडा झालेला नव्हता. झालेला नव्हता म्हणजे उघडलासुद्धा नव्हता. त्या टेस्टवरून क्लासात बॅच ठरायची. खालच्या बॅचमध्ये गेले असते तर बाप उदगीरहून पहिल्या गाडीनं आला असता. चारला पाच-सात मिनिटं कमी असताना मी फाटकाशी आले. क्लासच्या पायरीवर बसून तेवढा धडा चाळावा म्हणून लवकर निघाले होते.

"काका, चालले."

"जल्दी निगालीस," म्हणत ते पाटीकडं वळले. सतरा पुसले. १ लिहिला. ६ काढायला खडू टेकवला आणि तो खाली घसरत गेला. पाटीच्या काठापर्यंत एक तिरपी रेघ आली. मग त्यांची बोटं उघडली आणि खडू खाली पडला. काका आपल्या हाताकडं बघत राहिले. दुसऱ्या हातानं त्यांनी खांब धरला, पाय फाकले, आणि हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हाललं."

आणि मग ओरडले. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "हाललं! भाईर या! समद्या भाईर या!"

मी त्यांच्या पाठीमागं चार पावलांवर होते. माझ्या डाव्या हाताला ते ताट. मी पाहिलं. गोटी मधोमध होती. जिथं त्यांनी सकाळी ठेवली होती तिथंच. केसभरही हललेली नव्हती.

तेवढ्यात जिन्यातून पोरी आल्या, अनवाणी, कुणी ओले केस, कुणी हातात पुस्तक. कुणाचा तरी पाय ताटाला लागला, ताट उडालं आणि गोटी कुठं गेली देव जाणे. म्हणजे ती पाहिलेली मी एकटी.

आमच्याकडं 'हाललं' या शब्दाला पुरावा लागत नाही. पाच मिनिटांत गल्ली रिकामी, समोरचा मोकळा प्लॉट भरलेला. कुणाची भांडी वाजली होती, कुणाची कॉट सरकली होती. इस्त्रीवाल्यानं तर लाइटचा खांब डोलताना पाहिला होता. मोबाइल वाजायला लागले, पलीकडच्या गल्ल्याही बाहेर आल्या. देगलूरच्या खोलीसोबतिणीनं माझा दंड धरला. "तू तर तिथंच होतीस. हाललं ना गं?"

"हाव," मी म्हटलं. "लई हाललं."

का म्हटलं? आधी वाटलं, सगळे म्हणून राहिलेत तर असेलही. पण मग सरांचा फोन आला, टेस्ट रद्द. मी टाळ्या वाजवल्या. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण वाजवल्या.

काकांना प्लॉटवर खुर्ची टाकून बसवलं होतं. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द तोंडातच घोळत होते. बायका म्हणाल्या, "भेदरलाय बिचारा. वाचा बसली. घरदार गेलेलं माणूस, भ्यायचंच की." काकूंनी साखरपाणी पाजलं, ते ओठाच्या कडेनं गळ्यावर ओघळलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. काका डाव्या हातानं सगळ्यांना अडवत होते. "आत... कुनी... जायचं न्हाई. दुसरा... मोटा अस्तो." आणि नजर आमच्यावर. पुन्हा पुन्हा सोळा पोरींवरून फिरायची. मोजत होते.

शेजारी गाद्या भरणारे एक चाचा राहायचे. दाढीत नेहमी कापूस. दोन घरांच्या मध्ये एक भिंत आणि चाळीस वर्षांची दोस्ती. ते गर्दीतून पुढं आले, गुडघ्यावर बसले आणि काकांचं तोंड बघत राहिले.

"भाभी, इनका मूं देखो. टेढा होरा."

"भ्यालेत हो चाचा," काकू म्हणाल्या.

"नै भाभी. मेरी बीवी का बी ऐसाच हुआ था. लकवा है ये. मैं टेंपो निकालतूं."

काकांनी डाव्या हातानं त्यांना ढकललं. उठायला तयार नव्हते. पोरींना सोडून कसं जाणार? चाचा उभे राहिले, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्याकडं आले. बाकी कुणाकडं नाही, माझ्याकडं.

"बेटी, तू वहींच थी ना? सच्ची बोल. जमीन हिली क्या? हिली रहेंगी तो डर गए बोलेंगे. नै हिली तो फिर इनकोच कुछ हुआ है."

किती साफ विचारलं होतं त्यांनी. एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या परीक्षेतही कुणी विचारला नाही. आणि मला उत्तर येत होतं. पण माझ्या अवतीभवती पंधरा मैत्रिणी होत्या, ज्यांना मी आत्ताच लई हाललं म्हणून सांगितलं होतं. आणि टेस्ट रद्द झालेली होती.

"हिली चाचा," मी म्हटलं.

चाचा माझ्याकडं बघत राहिले. मग "अच्छा" म्हणाले आणि काकांच्या खुर्चीशी जाऊन बसले, त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेऊन. तो हात नुसता लोंबत होता.

अंधार पडला तरी कुणी घरात जाईना. बातम्या लागल्या, त्यात भूकंपाचं नाव नाही. कुणीतरी कलेक्टर ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला, कसलीच नोंद नाही. लोक एकमेकांकडं न बघता आपापल्या घरी निघाले. काका उठायला गेले आणि उजवीकडं कोसळले. मग चाचांनी कुणाला विचारलं नाही. टेंपोत दोन नव्या गाद्या टाकल्या आणि काकांना उचलून ठेवलं. काकूंबरोबर मीही चढले. मला कुणी ये म्हटलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचे नीट कधी होते?"

काकू म्हणाल्या, साडेआठला. कारण त्याआधी सगळी भीतीच होती ना त्यांच्या मते. चाचा म्हणाले, पाच. मी म्हटलं, "चारला पाच-सात मिनिटं कमी होती. हातातून खडू पडला तेव्हा." डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं. नऊ वाजून गेले होते. "साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं," ते म्हणाले. रागानं नाही, रोजच्या आवाजात. "आता नाही देता येणार."

मी बाहेरच्या बाकावर बसले, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. चाचा शेजारी येऊन बसले. ते मला काही बोलले असते तर बरं झालं असतं.

आज मला माहीत आहे, इंजेक्शन मिळालं म्हणून प्रत्येकाचा हात परत येतोच असं नाही. कुणाचा येतो, कुणाचा येत नाही, कुणाला ते सोसतही नाही. काकांचं काय झालं असतं, कुणी सांगू शकत नाही. हे मी स्वतःला कितीतरी वेळा समजावलंय. पण समजावणारी मीच आणि ऐकणारीही मीच, त्यामुळं त्याच्यावर माझा भरवसा नाही.

तीन आठवड्यांनी काकांना घरी आणलं. पत्र्यात ठेवणं शक्यच नव्हतं. कॉट, संडासाची खुर्ची, पकडायला भिंत, सगळंच लागणार होतं. चौघांनी उचलून उंबरा ओलांडला तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. कॉटवर टेकवलं तसे ते डाव्या हातानं खुणा करायला लागले. पाणी पाहिजे? नाही. उशी? नाही. मला कळलं. मी पाटी आणली. काकूंनी लिहिलं, आत १७. काकांनी मान हलवली आणि डावं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. काकूंनी पुसून १८ केले. मग ते झोपले.

पुढं पाहुण्यांनी इलाज सुचवायला सुरुवात केली. उदगीरहून काकूंची बहीण आली ती टोपलीत दोन कबुतरं घेऊनच. लकव्याला कबुतराचं गरम रक्त चोळायचं, हा आमच्याकडचा जुना उपाय. टोपली आत आल्याबरोबर काकांनी चिमटा वाजवला, टिक. थांबा. पाटी मागवली. बराच वेळ कुणाला समजेना काय म्हणून राहिलेत ते. शेवटी आत १९ च्या पुढं "आनि दोन पाखरं" असं लिहून घेतलं, तेव्हाच गप्प झाले. आता पाटीवर चढलेल्या पाखरांना कापायचं कसं? बहीण चिडून गेली. कबुतरं मात्र गेली नाहीत, गच्चीवर राहिली आणि पुढं त्यांची बारा झाली. काकूंची सगळी वाळवणं त्यांनी नासवली.

बारावीत मला मार्क पडायचे तेवढेच पडले. एमबीबीएसचं दार बंद. फॉर्म भरताना बापानं विचारलं, ह्यातलं काय घेतेस? मी एका ओळीवर बोट ठेवलं. नांदेडला शिकले, लातूरला परत आले, एका गाळ्यात दोन कॉट टाकून काम सुरू केलं. आणि मंगळवार-शुक्रवार काकांकडं जायला लागले. तोवर त्यांना काठी घेऊन चालता येत होतं, उजवा पाय बाहेरून फिरवत. जीभ बरीच सुटली होती, पण एकेक शब्द थांबून यायचा. हात मात्र मुठीत मिटून छातीशी आलेला. पाय येतो आणि हात मागं राहतो, हे आमच्या धंद्यात रोजचंच आहे.

लोकांना वाटतं, दवाखान्यातून घरी आलं की आजार संपला. खरं म्हणजे तिथून तो घरच्यांचा होतो. खांदा दुखतो, दुपारी चार पावलांत दम जातो, भेटायला येणारे कमी होतात. काकांना हसता हसता रडू यायचं. चाचांनी एखादा जुना किस्सा काढला की काका हसायला लागायचे आणि मध्येच डोळ्यांतून धारा. चाचा घाबरायचे. मी सांगायचे, "त्यांना दुःख नाही झालेलं चाचा, मेंदूतला लगाम सुटलाय." चाचा म्हणायचे, "तो फिर मेरा बी छूटा है," आणि तेही डोळे पुसायचे. गोळी मात्र आता एक दिवस चुकत नव्हती. काकू पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या राहायच्या. मान बिन काही चालायचं नाही.

मी विचारलं, "काका, हातानं काय करायचंय तुम्हाला? जेवायचंय, बटणं लावायचीत, काय?"

"पाटी," काका म्हणाले.

"ती डाव्या हातानं लिहा की. शिकवते मी."

"डाव्यानं... वाकडं येतंय. १ चा... ९ झाला तर? खननारे... आठ मानसं... उगंच हुडकत... बसतील."

मी सायकलच्या मुठीच्या रबरात खडू घट्ट बसवला, तो त्यांच्या मुठीत दिला आणि खांद्यापासून सुरुवात केली. डाव्या हातात चिमटा. दमले की एक टिक, परत तयार झाले की दोन. पहिलं वर्षभर नुसत्या रेघा. दुसऱ्या वर्षी 'आ'चा काना सरळ आला तेव्हा काकूंनी शेजारीपाजारी साखर वाटली. आकडे सगळ्यात अवघड. एक वळण घेता येतं हो, लगेच उलटं वळवणं अवघड. १ यायचा. ६ यायचा नाही. त्या मधल्या वळणावर हात ताठ व्हायचा आणि खडू खाली घसरायचा, त्या दिवशी घसरला होता तसाच. दर शुक्रवारी ठरवायचे, आज सांगायचं. दर शुक्रवारी धपाट्यांचा डबा घेऊन परत यायचे.

मग चाचा वारले. मयतीला मी गेले होते, काकाही काठी टेकत आले होते. परत येताना मनात आलं, तो प्रश्न ज्यांनी मला विचारला होता ते गेले. आता एकच माणूस उरला. तोही गेला की मी सुटणार नाही, कायमची अडकणार.

पुढच्या शुक्रवारी व्हरांड्यात काकांसमोर बसले आणि सांगून टाकलं. सगळं. टेस्ट, धडा, चाचांचा प्रश्न. "काका, गोटी हलली नव्हती. मी पाहिली होती. मी तेव्हाच खरं बोलले असते तर चाचांनी तुम्हाला लगेच नेलं असतं. तुमचा हात माझ्यामुळं गेला."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तशाच परत आत गेल्या.

"गोटी," काका म्हणाले, "मला बी... दिसली व्हती."

"काय?"

"हालली न्हाई... हे म्या बी... बगितलं. पर गोटीच्या... भरवशावर... सोळा पोरी... आत धाडू? खोटी निगाली... गोटी... तर?" आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "तुजं... काय न्हाई त्यात. मीच... बसून ऱ्हायलो."

माझ्या छातीवरचा अकरा वर्षांचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. मी त्यांच्या पाया पडले, डोळे पुसले, पिशवी उचलली आणि अंगणात उतरले. फाटकापाशी पोचले, तिथंच, जिथं त्या दिवशी उभी होते. शेड आता मोडलेली होती, पण खांबाचा खुंट अजून होता. सवयीनं मी त्याच्याकडं पाहिलं. मग जिथं ताट असायचं तिकडं पाहिलं. आणि पाय जागच्या जागी थांबले.

पाटी खांबाला होती. ताट समोरच्या टोकाला. काका पाटीवर लिहीत होते, म्हणजे त्यांची पाठ होती ताटाकडं. खांब धरून ओरडले तेव्हाही तोंड पाटीकडंच. ते वळायच्या आधी पोरींनी ताट उडवलेलं होतं. काकांना गोटी दिसलीच नव्हती. दिसणं शक्यच नव्हतं.

मी एका टेस्टसाठी खोटं बोलले होते. हा माणूस माझ्यासाठी बोलला.

परत जाऊन काही म्हणावं असं वाटलं. पण त्यांनी दिलेलं ते परत करणं मला जमलं नसतं. मी रोजच्यासारखी ओरडले, "काका, चालले."

व्हरांड्यातल्या जाळीला टांगलेली पाटी त्यांनी ओढून मांडीवर घेतली. चौदा पोरी, काकू, ते स्वतः आणि मी, अशा सतरांचा आकडा तिच्यावर होता. कोपरानं त्यांनी तो पुसला. रबराच्या मुठीतला खडू टेकवला. १ आला. मग ते थांबले, श्वास घेतला आणि ६ ला हात घातला. वळणावर हात ताठ झाला. खडू थरथरला. माझ्या तोंडून "खांदा सैल सोडा" निघणार होतं, ते मी आत दाबलं. खडू वळला. पुढं गेला. खाली शेपटी काढून थांबला.

काकांनी पाटी माझ्याकडं फिरवून धरली. आत १६. जरा वाकडा होता, पण खणणाऱ्या कुणालाही वाचता आला असता.

मग चिमटा वाजला. टिक, टिक. मी निघाले.